प्रदर आणि पथ्य

चरकानें चिकित्सास्थानांत योनिव्यापदांचे वीस प्रकार निःसंकोच वर्णिले. त्याचे वारस म्हणविणाऱ्या आपल्या घरांतून मात्र हें दुखणें माजघराबाहेर येत नाहीं. आमच्या शिरूर कासारचीही हीच रीत. म्हणून आमच्यासारख्या वृद्ध शिक्षकानें या विषयावर चार शब्द लिहिले, तर वाचकभगिनी क्षमा करतील.

वारंवार कंड सुटणें, जळजळ होणें, नासलेल्या दुधाच्या गाठींसारखा पांढरा स्राव जाणें, हीं लक्षणें पुष्कळदां कँडिडा नांवाच्या किण्वामुळें होतात. तें निरोगी शरीरांतही थोडें वसतें; प्रतिजैविक औषधांनीं उपकारक जंतु मेले, गर्भ राहिला किंवा मधुमेहानें साखर वाढली, कीं माजतें.

आमच्या घरीं एका सुनेस हा त्रास वर्षांत चार वेळां झाला. आंबट बाधतें म्हणून बायकांनीं दही-ताक तोडलें, मग आंबील, भात, केळीं. शेजारणीनें पावही वर्ज्य सांगितला. वास्तविक पावांतील किण्व निराळें आणि तेंही भट्टींत मरतें! मुलगी वाळत चालली, कंड मात्र होती तशीच. शेवटीं डॉक्टरांनीं तपासलें, तेव्हां रक्तांतील साखर वाढलेली निघाली. त्यांनीं सहा महिने आठवड्यास एक गोळी दिली. चहांतील साखर आणि गोडधोड आवरावयास सांगितलें. भाकरी बेतानें, डाळ-भाजी पोटभर, आणि ताक पूर्ववत्. खरें पथ्य तें एवढेंच. मात्र अशा गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून, विशेषतः गर्भारपणांत, घेऊं नयेत.

दह्यानें हा रोग बरा होतो काय? १९९२ सालीं अमेरिकेंत कांहीं स्त्रियांना सहा महिने रोज आठ औंस दही देऊन पाहिलें. त्रास पुष्कळ कमी झाला. पुढें तुलनेकरितां दही सोडण्यास आठ जणींनीं साफ नकार दिला आणि हिशेबास अवघ्या तेरा उरल्या! एवढ्यावरून सिद्धान्त बांधतां येत नाहीं. शिवाय त्या दह्यांतील विशिष्ट जंतु घरच्या विरजणांत असतीलच असें नाहीं. तेव्हां ताक अन्न म्हणून अवश्य प्यावें. औषध म्हणून त्यावर विसंबूं नये.

हा विषय केवळ ताटापुरता नाहीं. २०१९ सालीं आमच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कित्येकींच्या दुखण्याचा आरंभ अंगावर पांढरें जाण्यासारख्या तक्रारींनींच झाला होता. किण्व वसतें तें योनिमार्गांत. गर्भाशय काढून तें जात नाहीं.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी: सुनेच्या ताटांतला पदार्थ काढण्यापूर्वीं तिला मोकळेपणानें विचारावें, त्रास पुनः पुनः होत असेल तर स्रावाची व साखरेची तपासणी करवावी, आणि कोणी एकदम शस्त्रक्रिया सुचविली, तर दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचें मत घ्यावें. पथ्य रोग्याच्या हिताचें असावें. आपल्या संकोचाचें नव्हे.