पुढचा अध्याय

माझं माहेर नांदेडचं आणि सासर लातूरचं. एस.टी.नं लोहा, अहमदपूर करीत गेलं, तर एवढातेवढा रस्ता. पण १९८६ साली लग्न होऊन लातूरला आले, तेव्हा मुलूखच बदलल्यासारखं वाटलं. माहेरी गोदावरी उशाला. सासरी पहिल्या दिवसापासून घागरीचा हिशेब. दोन्ही घरं ख्रिस्ती, पण भक्तीची तऱ्हासुद्धा अशीच निराळी!

आमच्या बाबांना गाण्याचं वेड. मनात आलं की पेटी काढायची, आम्हा भावंडांना गोळा करायचं आणि तासन् तास गात बसायचं. नाताळात तर घर दणाणून जाई. पण मनात आलं नाही, तर आठ-आठ दिवस बायबल फळीवरून खाली उतरायचं नाही. रविवारी चर्चला गेलं की आठवड्याचं कर्तव्य संपलं. मलाही तेच खरं वाटे. मनापासून आली तीच प्रार्थना, नाही का?

सासरी मात्र रात्री साडेआठ म्हणजे साडेआठ! सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून वाचणाऱ्या. जेवणं झाली की त्या सतरंजी घालीत. एक गीत, एक अध्याय, एक प्रार्थना. पाहुणे असोत, लाइट गेलेले असोत, कुणाचं कुणाशी वाजलेलं असो, बैठक चुकायची नाही. आणि अध्याय कोणता? तर काल वाचला त्याच्या पुढचा. आवडीचा उघडायची मुभाच नव्हती. बायबलात ११८९ अध्याय. रोज एक, म्हणजे सव्वातीन वर्षांत एक फेरी. ती संपली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान.

मैत्रिणींनो, खरं सांगते, नव्या नवरीला हे फार जाचक वाटलं. कधी नुसत्या वंशावळी, कधी निवासमंडपाच्या फळ्यांची मापं. दिवसभर राबून डोळे मिटत असायचे आणि आत्याबाई कुणाचा मुलगा कोण ते एकेक अक्षर लावून वाचीत असायच्या. एकदा मी धीर करून म्हटलं,

“आत्याबाई, मन लागत नसलं तरी बसायचं? देव काय हजेरी घेतो?”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “देव कशाला घेईल, माय? आपली हजेरी आपणच घ्यावी लागती.”

मग त्यांनी मला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. रमाबाई मला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होत्या, तेवढ्याच. १८५८ चा जन्म. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर देशभर पायी फिरल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविलं. लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य आलं, कडेवर तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्त मनाला खऱ्या अर्थानं भेटला तो पुढे कितीतरी वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मधल्या काळात बाई काही हात जोडून बसल्या नव्हत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना आसरा दिला, शिक्षण दिलं. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना घेऊन केडगावला मुक्ती सदन उभं केलं.

आत्याबाईंना मात्र त्यांचं सगळ्यांत कौतुक होतं ते बायबलच्या भाषांतराचं. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. कशासाठी? खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र यावं म्हणून. आयुष्याच्या अखेरीची कितीतरी वर्षं हे काम चाललं. मजकूर जुळवणं, छापणं हे मुक्तीतल्या मुलींनीच केलं. १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली. तरी आईनं काम टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं.

“आता मला सांग,” आत्याबाई म्हणाल्या, “वंशावळीचा अध्याय आला तेव्हा त्या बाईनं तो सोडून दिला असता, तर?”

मी गप्प बसले. पटलं असं नाही, पण बसायची सवय लागली.

माझ्या मनाला धीर दिला तो खरं तर लक्ष्मीबाई टिळकांनी. ‘स्मृतिचित्रे’ मी लातूरलाच वाचलं. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, तेव्हा त्यांनी आकांत मांडला. पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या मनाची खात्री झाल्यावर. सोवळंओवळंही एका दिवसात गेलं नाही. विचार करून सोडलं. आणि टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुरं केलं. माझ्यासारख्या चिडणाऱ्या, भांडणाऱ्या बाईलाही या वाटेवर जागा आहे, एवढं मला त्यातून समजलं.

अशा आमच्या फेऱ्या चालल्या होत्या. आणि २०१६ सालचा उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्याविषयी लातूरकरणींना काही सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. आमची बोअर कधीच आटली होती. गल्लीत टँकर येई, तो आठवड्यातून एकदा.

त्यातच आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अंथरुणातच सगळं. रोज चादरी, रोज कपडे, आणि धुवायला पाणी नाही. मी पार चिडून गेले होते. रात्रीची बैठक मोडली. यांनी एकदा विचारलं, तर मी म्हटलं, “तुम्ही बसा. मला कपडे पिळायचेत.” बारा दिवस सतरंजी उलगडली नाही.

एक दिवस शेजारच्या ताई दोन घागरी पाणी मागायला आल्या. त्यांची सून बाळंतीण होती. मी म्हटलं, “आमच्याकडे माणूस अंथरुणावर आहे. आम्हालाच पुरत नाही.” तेवढ्यात वाऱ्यानं न्हाणीचा पडदा हलला आणि आतलं भरलेलं टिपाड त्यांना दिसलं. त्या काही बोलल्या नाहीत. रिकामी घागर घेऊन गेल्या.

मी मनाची समजूत घातली. दहा कुमारींच्या दाखल्यातल्या शहाण्या कुमारींनी तरी आपलं तेल कुठं दिलं होतं? बघा, पाठांतर कसं सोयीनं कामी येतं!

त्याच रात्री साडेआठला आत्याबाई डावा हात उचलून काहीतरी खुणावू लागल्या. पाणी दिलं, नको. उशी सारखी केली, नको. बोट फळीकडे होतं. मी निमूटपणे बायबल काढलं, हे येऊन बसले. गीत म्हणायला आवाज फुटेना. फीत होती ते पान उघडलं. राजांचं पहिलं पुस्तक, अध्याय सतरावा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देशात पाऊस नाही. एलिया संदेष्टा ज्या ओहोळाचं पाणी पीत होता, तो आटतो. तो सारफथ गावच्या एका विधवेकडे येऊन पाणी मागतो, भाकर मागतो. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडंसं तेल. आपण नि आपलं लेकरू शेवटचं खाऊन मरणार, असं ती सांगते. तरी आधी त्याला करून देते.

त्या रात्री मला निवडायला सांगितलं असतं, तर हा अध्याय मी कधीच उघडला नसता. वाचता वाचता माझं बोट थांबलं. आत्याबाईंना दुपारचं काही माहीत नव्हतं. त्यांनी अध्याय निवडलाही नव्हता. तो फक्त पुढचा होता.

सकाळी दोन घागरी भरून मी शेजारी गेले. “काल मी खोटं बोलले,” एवढंच म्हणाले. ताईंनी पाणी ओतून घेतलं आणि घागरी विसळून नव्हे, पुसून परत दिल्या. कोरड्या फडक्यानं.

आमचं टिपाड काही आपोआप भरलं नाही हो. त्या आठवड्यात पाणी कमीच पडलं. चादरी उन्हात टाकून तशाच वापरल्या. पण त्या रात्रीपासून बैठक पुन्हा सुरू झाली. आत्याबाई त्या वर्षी गेल्या, तोवर एकदाही चुकली नाही.

नंतर नांदेडला गेले, तेव्हा एक जुनीच गोष्ट नव्यानं दिसली. हुजूर साहेब गुरुद्वारात रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीनं आणलं जातं, रोज लंगर शिजतो, येईल त्याला वाढला जातो. लहानपणी मैत्रिणींबरोबर मीही त्या पंगतीला बसले आहे. वाढणाऱ्याचं मन त्या दिवशी लागलं होतं की नाही, हे जेवणाऱ्याला कुठं कळतं? भाकरी मात्र मिळते.

तुमच्या घरी सांजवात असेल, हरिपाठ असेल, नमाज असेल. मी माझ्या अनुभवाचं तेवढं सांगते. वेळ ठरलेली ठेवा, थोडी ठेवा, पण मोडू नका. मोडलीच, तर बारा दिवसांचा हिशेब करीत बसू नका. फीत असेल तिथून उघडा. आणि आपल्या सोयीचं तेवढंच वाचू नका.

आमची नवी सून परवा जांभई देत म्हणाली, “आई, आज फारच नावं आहेत हो!” मला हसू आलं. आज रात्रीही नावंच आहेत. उद्या काय आहे, ते मी आधी उघडून बघत नाही.