पायाखाली मरजान

पोफळीत राहणाऱ्या माणसाला पाण्याचे अप्रूप नसते. पाठीशी कुंभार्ली घाट, पावसाळ्यात घराघरांमागून वाहणारे पऱ्ये, आणि डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर. कोयना ही मुळात पूर्वेकडची नदी. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी. तिचे पाणी धरणात अडवून, सह्याद्रीखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवून आमच्या गावात उतरवले. 1962 साली इथे वीज तयार होऊ लागली. वीज करून झालेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात जाते, तिथून वाशिष्ठीत आणि शेवटी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात. एका समुद्राच्या वाटेवर निघालेले पाणी दुसऱ्याच समुद्राला मिळते, हे आमची मुले लहानपणापासून ऐकत आली आहेत.

तरी समुद्राच्या आत काय असते, हे आमच्यापैकी कुणी पाहिले नव्हते.

अम्मी रोज मगरिबनंतर सूरह अर-रहमान पढतात. दोन समुद्र एकमेकांना भेटतात, त्यांच्यामध्ये पडदा आहे, आणि त्यांतून मोती व मरजान निघतात, असा त्यात उल्लेख आहे. एका संध्याकाळी सहावीतल्या आमच्या धाकट्याने विचारले, "दादी, मरजान म्हणजे काय?" अम्मींनी कपाटातून त्यांच्या निकाहातली पोवळ्यांची माळ काढून दाखवली. "हे बघ. हेच मरजान." मुलाने माळ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "समुद्रात हे असंच असतं? तुम्ही पाहिलंय?"

अम्मी हसल्या. "आयुष्यभर पढतेय बाळा, पाहिलं कधीच नाही."

त्याच रात्री नाताळच्या सुट्टीतला बेत ठरला. लक्षद्वीप-मालदीवची स्वप्ने आमच्या खिशाबाहेरची. पण प्रवाळ बघायला तितके लांब जावे लागत नाही. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या किल्ल्याभोवतीच्या खडकांवर ते आहे. 1987 साली सरकारने तिथल्या सुमारे 29 चौरस किलोमीटर भागाला सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले, ते या समुद्री जीवांसाठीच.

फज्र पढून निघालो. पोफळी ते मालवण अंतर दोनशे किलोमीटरांहून जास्त. बहादूरशेख नाक्यावरून महामार्ग धरला. संगमेश्वर, हातखंबा, लांजा करत राजापूर गाठले. वाटेत रस्त्याची कामे, मुलांच्या उलट्या, चहा असे सगळे धरून दुपार झाली. राजापुरात जोहर आणि असर एकत्र करून दोन-दोन रकात अदा केल्या. धाकट्याची ही पहिलीच कसर. "अर्धीच नमाज? चालते?" त्याला राहवेना. सफरीत अल्लाहने दिलेली ही सवलत आहे, ती आनंदाने घ्यायची, असे अम्मींनी समजावले. खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा सुरू झाला. कसालला वळून मालवणात उतरलो तेव्हा ऊन कलले होते.

मुक्काम एका घरगुती खानावळीत केला. कोंबडीचा प्रश्न आम्ही काढलाच नाही. मासळी असताना हवी कशाला? आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे, त्यामुळे बांगडा-सुरमईबरोबर कोळंबी आणि तिसऱ्याही बिनधास्त. सोलकढी आपल्या घरासारखीच, फक्त मिरची जरा जास्त. किब्ल्याची दिशाही आधी नक्की करून घेतली. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे झुकून मावळतो. मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की दिशा चुकते, बरेच उजवीकडे वळावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. अम्मीही बरोबर होत्या. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर 1664 साली या किल्ल्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा केला. त्याच आरमारात दौलतखानासारखा दर्यावर्दी सरदार होता, हे मुलीने शाळेच्या पुस्तकाबाहेरचे ज्ञान म्हणून आम्हाला ऐकवले. सुमारे 48 एकरांचा हा किल्ला, चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. अम्मी विहिरीच्या काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या. सूरह फुरकानमध्ये एक गोडे आणि एक खारट अशा दोन पाण्यांचा आणि त्यांच्यामधल्या आडोशाचा उल्लेख आहे. "तटाच्या पलीकडे मीठ आणि अलीकडे गोड," त्या म्हणाल्या. "मला आता पाण्यात उतरायची गरज नाही. तुम्ही बघून या आणि मला सांगा."

आम्ही उतरणार होतो. तोंडात श्वासाची नळी, डोळ्यांवर काच, अंगात तरंगण्याचे जाकीट आणि नावेशी बांधलेली दोरी, एवढीच तयारी. मुलीसाठी आणि तिच्या आईसाठी पूर्ण बाह्यांचे, डोके झाकणारे पोहण्याचे पोशाख आधीच मागवले होते. हे वाचणाऱ्या बहिणींना मुद्दाम सांगतो, ओढणी किंवा बुरखा घालून पाण्यात उतरू नका. कापड पाण्यात पसरते आणि पायात अडकते. झाकलेला पण अंगासरशी आटोपशीर पोशाख हवा. कपडे बदलायला आडोसा आहे का, हेही नाव ठरवतानाच विचारून घ्यावे.

बिस्मिल्लाह म्हणून डोके पाण्याखाली घातले, आणि पहिली काही मिनिटे फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. मग दिसू लागले. खरे सांगायचे तर टीव्हीवर दिसतो तसा रंगांचा उत्सव तिथे नव्हता. पाणी किंचित गढूळ. खडकांवर तपकिरी, हिरवट, राखाडी गोळे, काहींवर मेंदूसारख्या वळ्या, काही फुलाच्या पाकळ्यांसारखे पसरलेले. अम्मींच्या माळेतला लाल कुठेच नाही. त्यांच्यामधून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येत होते आणि आमच्या बोटांपाशी थबकून वळत होते. धाकटा नळी तोंडात असतानाच काहीतरी ओरडत होता.

तेवढ्यात एक लाट आली आणि नळीत पाणी शिरले. आम्ही दोघेही घाबरलो. हातपाय मारताना पायाला खाली काहीतरी लागले, टणक, खरखरीत. आम्ही त्यावर उभे राहिलो, डोके पाण्याबाहेर काढले आणि खोकत खोकत "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले. पायाखाली काहीतरी करकरून मोडल्याचे जाणवले. धाकट्याने हात घालून तो तुकडा उचलला आणि खिशात टाकला. दादीला दाखवायला.

किनाऱ्यावर परतताना नावेवरच्या वयस्क काकांनी आमचे पाय पाहिले. दोघांच्या तळव्यांवर बारीक ओरखडे. "खडकावर उभे ऱ्हवलात?" त्यांनी विचारले. हो म्हटल्यावर ते थोडे थांबले. "तो दगड नाय हां. जिवंत आसा तो."

प्रवाळ हा प्राणी असतो, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. पायाला माहीत नव्हते. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचाच. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःसाठी घर बांधतो, आणि अशी हजारो घरे एकाला एक लागून तो गोळा होतो. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापले आणि आठवडे तसेच राहिले, तर हे शेवाळ निघून जाते. मग प्रवाळ पांढरे पडते आणि फार काळ तसेच राहिले तर उपाशी मरते. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा चौथ्या मोठ्या लाटेची घोषणा केली. गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर, कधी त्याहूनही कमी वाढते. म्हणजे आमच्या पायाखाली मोडले ते आमच्या मुलाच्या वयाइतके जुने असू शकत होते.

काकांना आम्ही अभयारण्याबद्दल विचारले. त्यांचे मत आमच्या अपेक्षेहून वेगळे निघाले. अभयारण्य जाहीर झाले तेव्हापासून इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. आपल्याच समुद्रात जाळे टाकायला बंदी येईल, ही त्यांची भीती. "आमका जाळा टाकू नको म्हणतत, आणि तुमी पाय देवन उभे ऱ्हवतात," ते हसत म्हणाले. हसण्यात राग नव्हता, पण गोष्ट खरी होती. नांगर कुठे टाकतात, माशांना पाव कोण घालते, प्रवाळावर कोण उभे राहते, हे सगळे पर्यटकांच्या हौसेचे प्रश्न आहेत. आम्ही त्या पर्यटकांतलेच.

रात्री धाकट्याने तो तुकडा रुमालातून काढून अम्मींच्या हातावर ठेवला. ओलसर, तपकिरी, बोटाएवढा. अम्मींनी चष्मा लावून तो निरखला. त्यावरची तारकांसारखी बारीक भोके मोजायचा प्रयत्न केला. "सुबहानल्लाह," एवढेच म्हणाल्या. तुकडा टेबलावरच राहिला.

सकाळी खोलीत दुर्गंधी पसरली होती. आधी वाटले, मासळीचे काहीतरी राहिले. मग कळले, वास रुमालातून येत होता. तुकड्यावरचा तपकिरी थर चिकट होऊन सुटला होता आणि खालून पांढरा चुना दिसत होता. धाकटा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काल हे जिवंत होतं?"

आम्हाला उत्तर देता येईना. कायद्याचे उत्तर सोपे होते. अशा प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे, ते तोडणे आणि घरी नेणे गुन्हा. पण मुलाने कायदा विचारला नव्हता. काकांना फोन केला. तो तुकडा पुन्हा जोडता येईल का? समुद्रातून ताजा तुटलेला तुकडा योग्य जागी लावला तर जगू शकतो, तशी लागवड शास्त्रज्ञ करतातही. हा रात्रभर कोरड्यात राहिला होता. "आता पाण्यात सोडा," काका म्हणाले. "दुसऱ्याक घर होईत."

जेट्टीच्या टोकावरून धाकट्याने तो पाण्यात सोडला. शेवटच्या दिवशी पुन्हा एकदा पाण्यात उतरायचे ठरले होते. आम्ही उतरलो, पण वेगळ्या रीतीने. आधी काठाजवळच्या वाळूच्या तळावर अर्धा तास नळीतून श्वास घ्यायचा सराव केला. नळीत पाणी गेले तर पाय खाली न सोडता पाठीवर तरंगायचे आणि जाकिटावर भिस्त ठेवायची, हे मुलांनाही शिकवले. ओहोटी टाळून भरतीची वेळ घेतली, म्हणजे खडक पायांपासून दूर राहतात. नांगर वाळूवरच टाका, असे नावेवाल्याला आधीच सांगितले. तो हो म्हणाला. माशांना पाव घालायला नको म्हटले तेव्हा मात्र जरा हिरमुसला.

परतीच्या वाटेवर मुलीने विचारले, दाभोळच्या तोंडाशी, आपल्या वाशिष्ठीच्या मुखाशी असे प्रवाळ का दिसत नाही? कारण त्याला खारे आणि नितळ पाणी लागते. नदी गोडे पाणी आणि गाळ घेऊन येते, तिथे ते तग धरत नाही. म्हणजे गोड्याची आणि खाऱ्याची हद्द त्यालाही पाळावी लागते.

पोफळीला पोचलो त्या संध्याकाळी अम्मींनी नेहमीप्रमाणे मुसल्ला अंथरला. सूरह संपल्यावर त्यांनी पोवळ्यांची माळ पुन्हा धाकट्याच्या हातात दिली. हे लाल पोवळे मालवणच्या प्रवाळाहून वेगळे असते, मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते, आणि काही मुफस्सिर तर मरजान म्हणजे बारीक मोती असेही सांगतात, हे आम्ही प्रवासात वाचून आलो होतो. तेही त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"असू दे," त्या म्हणाल्या. मग नातवाला विचारले, "या सूरहमध्ये मरजानच्या आधी काय येतं, आठवतं?"

त्याला आठवले नाही. त्यांनी सुरुवातीच्या आयती पुन्हा पढल्या आणि एका शब्दावर थांबल्या. मीझान, म्हणजे तराजू. अल्लाहने आकाश उंच केले आणि तराजू ठेवला, त्यात माणसाने मर्यादा ओलांडू नये, असे तिथे सांगितले आहे. मोती आणि मरजान त्यानंतर येतात. आणि "कोणती नेमत नाकारणार?" या अर्थाचा तो प्रश्न संपूर्ण सूरहमध्ये 31 वेळा विचारला जातो. आम्ही तो इतकी वर्षे ऐकत आलो आणि मनात उत्तर देत आलो की, कोणतीच नाही. नेमतीवर पाय ठेवून उभे राहूनही शुक्र अदा करता येतो, हे मालवणला कळले.

पुढच्या रविवारी धाकटा एक गोणपाट घेऊन घरामागच्या पऱ्यात उतरला. वेफर्सची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, एक चप्पल. हा पऱ्या वाशिष्ठीला मिळतो, हे त्याने आम्हालाच ऐकवले. गोणपाट भरले, पऱ्या मात्र अजून बराच बाकी आहे. येत्या रविवारी आम्ही दोघेही त्याच्याबरोबर उतरणार आहोत.