बांद्याचं यंत्र मोजणीत नाही

बांद्यात माझ्या घरी बिटकॉइनचा एक पूर्ण नोड चालतो. जुना लॅपटॉप, त्याला जोडलेली बाहेरची डिस्क आणि ब्रॉडबँड, एवढाच पसारा. हे यंत्र नाणी तयार करत नाही, खरेदी-विक्रीही करत नाही. ३ जानेवारी २००९ पासून आजपर्यंतचा सगळा हिशेब, म्हणजे ५०० जीबीहून जास्त माहिती, ते स्वतःजवळ ठेवतं आणि प्रत्येक नवा व्यवहार नियमात बसतो की नाही ते तपासतं.

जगात अशी यंत्रं किती आणि कुठे, हे दाखवणारा बिटनोड्सचा नकाशा मी पुतण्याला दाखवत होतो. त्याने विचारलं, "काका, आपलो गाव खय दिसता ह्या नकाशार?"

दिसत नव्हतं. का, ते शोधताना ही मोजणी मला नीट कळली.

मोजणारा प्रोग्राम एका नोडशी बोलतो आणि त्याला माहीत असलेले पत्ते मागतो. एका उत्तरात जास्तीत जास्त हजार पत्ते येतात. मग त्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन तो हाक मारतो. जो ओ देतो, तो मोजला जातो. फिरणारे बहुतेक पत्ते शिळे असतात. बार्सिलोनाच्या काही संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महिनाभराहून थोड्या जास्त काळात पावणेनऊ लाखांच्या आसपास वेगवेगळे पत्ते जमवले होते. एका वेळी हाकेला ओ देणारी यंत्रं मात्र काही हजारच असत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की पत्ता बदलतो. यंत्र एकच, पण त्याचे जुने पत्ते इतरांच्या याद्यांत पडून राहतात.

उलट बाजूला माझं यंत्र. आमचा इंटरनेट पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतो. मी बाहेर दहा जोडण्या करू शकतो, पण बाहेरून येणारी हाक माझ्यापर्यंत पोचत नाही. रात्रंदिवस काम करूनही मोजणीत मी नाही. भारतात घरगुती जोडणी घेणाऱ्या कितीतरी जणांची हीच अवस्था आहे.

अशा न दिसणाऱ्यांचा अंदाज काढण्याची एक वाट मला फार आवडली. समजा, हाकेला ओ देणारी १०,००० यंत्रं आहेत आणि प्रत्येकाकडे बाहेरून आलेल्या सरासरी ४० जोडण्या आहेत. एकूण झाल्या ४ लाख. प्रत्येक यंत्र साधारण १० जोडण्या करतं, म्हणजे या जोडण्यांमागे ४०,००० यंत्रं असली पाहिजेत. त्यातली १०,००० तर दिसतातच. उरलेली ३०,००० न दिसणारी. हे आकडे रीत समजावी म्हणून घेतलेत. प्रत्यक्षात पाळत ठेवणारे काही प्रोग्राम एकाच वेळी शेकडो यंत्रांना चिकटून बसतात आणि अंदाज फुगवतात. ते ओळखून वजा करणं, हेच या कामातलं खरं कसब.

ठिकाणाची गोष्ट तर आणखी नाजूक. गोव्याची पत्रादेवीची हद्द आमच्यापासून काही किलोमीटरवर. पत्त्यावरून गाव ओळखणाऱ्या सेवा माझं घर कधी मुंबईत दाखवतात, कधी पणजीत. त्यातून २०२१ च्या सुरुवातीला बिटकॉइनच्या प्रोग्राममध्ये टॉर या ठावठिकाणा लपवणाऱ्या जाळ्याच्या नव्या, लांब पत्त्यांची सोय झाली आणि लपून चालणारे नोड वाढत गेले. टॉरच्या पत्त्याला देशच नसतो. अलीकडच्या मोजण्यांत ओ देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त यंत्रं या बिनदेशी रकान्यात आहेत. उरलेल्यांत अमेरिका आणि जर्मनी वर दिसतात, कारण भाड्याने सर्व्हर देणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथे आहेत. पुण्यातल्या माणसाने जर्मनीत सर्व्हर घेतला, तर तो जर्मनीत मोजला जातो.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण जाळ्याची ताकद नुसत्या संख्येत नाही, यंत्रं कोणाच्या ताब्यात आहेत यात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेट्झनर या जर्मन कंपनीने सोलाना या चलनाची आपल्याकडची यंत्रं बंद केली. हजाराच्या आसपास यंत्रं एका फटक्यात गेली. सोलाना तगलं, पण नकाशावरचे ठिपके वेगवेगळे दिसले तरी मालक एकच असू शकतो, हे तेव्हा उघड झालं. घराघरांत चालणारी यंत्रं अशी एका निर्णयाने बंद करता येत नाहीत, आणि मोजणीतून निसटतात नेमकी तीच.

म्हणून वर्तमानपत्रांत या विषयावर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. "भारतात इतके नोड" असा आकडा छापाल, तेव्हा तो फक्त हाकेला ओ देणाऱ्या यंत्रांचा आहे आणि टॉरवरची यंत्रं त्यात धरलेली नाहीत, हे त्याच ओळीत लिहा.