कॉट बेसिसवरचा धूर

सदाशिव पेठेतल्या जुन्या घरांचं हल्ली ठरलेलं आहे. प्लायची पार्टिशनं ठोकायची, एका खोलीच्या तीन करायच्या आणि स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर ठेवायची. मालक फोनवरच विचारतात, "डिटेक्टर किती लागतील?" मी जाऊन आधी जिना बघतो. तो एकच असतो, बहुधा लाकडी. खाली मीटरचा बोर्ड आणि अलीकडे चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर. तिथं पेटलं तर वरच्यांची वाट धूरच आधी अडवतो. म्हणून एक डिटेक्टर जिन्याखाली, दुसरा जिन्याच्या माथ्यावर. खोल्या नंतर.

खोल्यांचं दुखणं म्हणजे खोटे अलार्म. "आमच्याकडे स्वयंपाकाला परवानगीच नाही," असं मालक ठणकावून सांगतात. कॉटखाली वाकलं की केटल, इंडक्शन, मॅगीची पाकिटं! साधा स्मोक डिटेक्टर वाफेनंही बोंबलतो. दोनदा झोपमोड झाली की पोरं त्याच्यावर मोजा चढवून मोकळी होतात. त्यामुळे खोलीत मी धूर आणि उष्णता दोन्ही तपासणारा मल्टिसेन्सर लावतो. सामायिक स्वयंपाकघरात फक्त हीट डिटेक्टर. साध्या प्रकारातला साधारण 57 अंश सेल्सिअसला वाजतो, फोडणीच्या ठसक्याशी त्याला देणंघेणं नाही.

पार्टिशन छतापासून फूटभर खालीच थांबलं असलं, तरी मी त्याला भिंतच धरतो आणि पलीकडे वेगळा डिटेक्टर देतो.

पॅनलच्या बाबतीत मात्र मालकांना भारी माल हवा असतो. अ‍ॅड्रेसेबल पॅनल नेमका कुठला डिटेक्टर वाजला ते सांगतं, खरं आहे. पण आठ-दहा खोल्यांना साधं झोनचं पॅनल पुरतं; फक्त प्रत्येक दारावर बाहेरून रिस्पॉन्स इंडिकेटरचा लाल दिवा हवा. दिवाळीत मुलं गावी जातात, खोल्यांना कुलपं असतात. नेमकं कुठलं कुलूप तोडायचं, हे तो दिवा सांगतो.

शेवटी हूटर. उशाशी 75 डेसिबल मिळायला हवेत. मी दार लावतो, पंखा पाचवर करतो आणि डेसिबल मीटर उशीवर ठेवतो. जिन्यातल्या एकट्या हूटरचा आवाज बंद दार इतका खातं, की आकडा तिथवर क्वचितच पोचतो. मग खोलीतच डिटेक्टरखाली साउंडर बेस द्यावा लागतो, खर्च वाढतो आणि मालकांची कात्री नेमकी इथं येते. मी त्यांना पॅनलचा ब्रँड बदलून देतो, साउंडर काढत नाही. काही जण तेवढ्यावरून दुसरा माणूस बघतात.