साराभाई विवरापासून शिवशक्तीपर्यंत

चंद्राच्या यात्रेसाठी आता यानच हवे असे नाही. अमेरिकेचे ‘लूनार रिकनेसन्स ऑर्बिटर’ २००९ पासून चंद्राभोवती फिरत असून त्याने टिपलेली छायाचित्रे व मोजमापे ‘क्विकमॅप’ या ऑनलाइन नकाशावर सर्वांना विनामूल्य खुली आहेत. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर विद्यार्थ्यांना या यात्रेस निघता येते.

आरंभ ‘मारे सेरेनिटाटिस’पासून करावा. नाव समुद्राचे, पाणी मात्र थेंबभरही नाही. प्राचीन लाव्हा थिजून झालेले ते काळसर मैदान आहे. तेथील एका लहानशा विवरास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव दिलेले आहे. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन घराण्यातील या सुपुत्राने भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला. चांद्रयान-२ च्या छायाचित्रांवरून ‘इस्रो’ने या विवराची खोली उंचावलेल्या कडेपासून सुमारे १.७ किलोमीटर, तर भिंतींचा उतार २५ ते ३५ अंश असल्याचे सांगितले. नकाशावर विवरातून आडवी रेघ ओढली की चढउताराचा आलेख समोर येतो आणि हा आकडा विद्यार्थ्याला स्वतः पडताळता येतो. पुस्तकातील आकडा पाठ करणे आणि तोच स्वतः ताळा करून मिळवणे, यांत उधारी आणि रोखीइतका फरक आहे.

नवख्याची एक फसगत मात्र येथे हमखास होते. ऊन कोणत्या बाजूने पडले आहे हे ध्यानात न घेतल्यास खड्डा टेकडीसारखा भासतो. तेव्हा आधी सावली शोधावी, मग आकार ठरवावा.

येथून पूर्वेस अडीच-तीनशे किलोमीटरवर टॉरस-लिट्रो दरी लागते. डिसेंबर १९७२ मध्ये ‘अपोलो १७’चे अंतराळवीर येथे गाडीतून हिंडले. त्या गाडीच्या चाकोऱ्या आजही छायाचित्रांत दिसतात. वारा नाही, पाऊस नाही. त्या पुसणार कोण?

तेथून दूर दक्षिणेकडे उतरल्यावर आपल्या घरची गोष्ट भेटते. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ उतरताना कोसळला. ‘नासा’ने त्या परिसराचे छायाचित्र सर्वांसाठी प्रसिद्ध केले. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी ते जुन्या छायाचित्राशेजारी ठेवून चौकटीमागून चौकट तपासली. दोन वह्यांचा मेळ घालताना एखादी रक्कम जास्तीची निघावी, तसा पूर्वी नसलेला एक उजळ ठिपका त्यांना आढळला. त्यांनी तो कळवला. शास्त्रज्ञांनी नवी छायाचित्रे घेऊन खातरजमा केली आणि २ डिसेंबर २०१९ रोजी ‘नासा’ने त्यांच्या नावासह शोध जाहीर केला. तो अवशेष मुख्य आघातस्थळापासून सुमारे ७५० मीटर वायव्येस होता. त्यांच्यापाशी खास दुर्बीण नव्हती, संस्थेचे पाठबळही नव्हते. जी चित्रे त्यांच्यापुढे होती, तीच आज नववी-दहावीच्या मुलामुलींपुढेही आहेत.

यात्रेचा शेवटचा टप्पा ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ, शिवशक्ती येथे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ येथे सुखरूप उतरला. चारच दिवसांनी ‘ऑर्बिटर’ने वरून टिपलेल्या चित्रात तो जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो: शेजारी त्याची काळी सावली, आणि भोवती इंजिनाच्या झोताने उजळलेली माती.