राखणीला बसवलेलं माणूस

माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. रातराणीच्या ड्युटीबद्दल ते म्हणायचे, "स्टेअरिंग हातात असलं की झोप येत नाही. नुसतं बसून राहायचं असेल, तर डोळा लागतोच." अमेरिकेतल्या एका अपघाताची हकीकत वाचताना मला त्यांचं हे बोलणं आठवलं.

१८ मार्च २०१८ची रात्र. ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित मोटारीची चाचणी चालू होती. सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या ४९ वर्षांच्या एका बाईला तिने धडक दिली. बाई दगावली. मोटारीत लक्ष ठेवायला एक महिला बसवली होती. तिची नजर मोबाइलवर होती. एवढंच ऐकलं तर निकाल सोपा आहे.

पण सरकारी चौकशीत आणखी बरंच बाहेर आलं. यंत्राला ती बाई ५.६ सेकंद आधीच दिसली होती. ते तिला कधी वाहन समजलं, कधी सायकल, कधी दुसरंच काही. माणूस ठरलेली जागा सोडूनही रस्ता ओलांडतो, हे त्याला शिकवलंच नव्हतं. व्होल्वो गाडीचा मूळचा आपत्कालीन ब्रेक चाचणीच्या वेळी बंद असे. आधी गाडीत दोन माणसं असत. २०१७च्या अखेरीस कंपनीने एकच ठेवलं.

म्हणजे एकेक आधार काढून घेतला आणि सगळा भार दोन डोळ्यांवर टाकला. यंत्र तासन्‌तास नीट चालत राहिलं की माणसाचं लक्ष ढळतं. हे काही नवं ज्ञान नाही; विमान चालवणाऱ्यांना ते फार आधीपासून ठाऊक आहे.

२०१९मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी खटला भरायला आधार नसल्याचं सांगितलं. राखणीला बसलेल्या महिलेने २०२३मध्ये गुन्हा कबूल केला. तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. तिची चूक मी झाकत नाही. एक जीव गेला आहे.

पण अपघातानंतर चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा गाडीत परत दोन माणसं आली आणि व्होल्वोचा ब्रेकही चालू ठेवला गेला. या दोन्ही गोष्टी त्या रात्रीही करता आल्या असत्या. त्या न करणाऱ्यांना मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.