हवा सोडल्याची पावती मिळत नाही

आमच्या डोळखांबला सिग्नल नाही. मी सायकल शिकलो ती आप्पांच्या जुन्या काळ्या सायकलवर, नळीखालून पाय घालून. सीटवर बसलं तर पाय पॅडलला पुरायचे नाहीत. ट्रिपल सीट गेलो, हात सोडून गेलो, अंधारात दिव्याशिवाय गेलो. नियम एकच होता, समोरून एसटी आली की मुकाट खाली साइडपट्टीला उतरायचं. तो कुणी कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

पोलिसाने सायकलवाल्याला अडवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. अडवलेल्या दोघांपैकी एक मी होतो.

मी ज्या शहरात नोकरी करतो तिथे ऑफिसला सायकलने जातो. गिअरची सायकल आहे, हप्त्यावर घेतलेली. आप्पांना तिची खरी किंमत अजून सांगितलेली नाही. वाटेत एक उड्डाणपूल लागतो. नियमाने जायचं तर पुढे जाऊन यू-टर्न घ्यायचा, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरचा वळसा. उलट्या बाजूने गेलं तर तीनशे मीटर. सगळे उलटेच जातात. मीही जायचो.

त्या दिवशी माझ्या पुढे एक वॉचमन होता. निळा युनिफॉर्म, कॅरिअरला दोरीने बांधलेला डबा, आप्पांच्या सायकलसारखीच काळी सायकल. वय साधारण आप्पांएवढं. बहुतेक नाइट ड्यूटी संपवून घरी निघाला असावा. पुलाच्या तोंडाशी हवालदार उभे होते. त्यांनी आम्हा दोघांनाही हात केला.

"ए, उतर. उलटा कुठे चाललास?" हे त्याला.

मग माझ्याकडे पाहिलं. हेल्मेट, गळ्यात कंपनीचं कार्ड, पाठीवर लॅपटॉपची बॅग. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हीच असं केलं तर कसं? जा, पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

मी "सॉरी सर" म्हणालो आणि पॅडल मारलं. जाता जाता मागे पाहिलं. हवालदार खाली वाकून वॉचमनच्या मागच्या चाकाचा वॉल ढिला करत होते. हवा जाताना जो आवाज होतो, तो मला ऐकू आला.

गुन्हा एक, जागा एक, मिनिटही एकच.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी मी माझ्यासारखे लोक करतात तेच केलं. कायदा वाचत बसलो. लायसन्स, नंबर प्लेट, विमा, हेल्मेट हे सगळं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं, आणि तो मोटारीवर चालणाऱ्या वाहनांचा कायदा आहे. पायांनी चालणारी सायकल त्यात बसत नाही. पण म्हणून सायकलला कायदाच नाही असंही नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत सायकलचं नाव घेतलेलं आहे, आणि त्याच्याच कलम ९९ मध्ये वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवावं असं सांगितलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागू होतं. जिवावर बेतेल अशा बेदरकारपणे चालवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे आम्ही दोघंही चुकलो होतो. उलट्या बाजूने येणाऱ्या सायकलला समोरची गाडी उडवते, हे काही पोलिसांनी रचलेलं नाही. पण मी वाचलेल्या यातल्या एकाही कलमात शिक्षा म्हणून हवा सोडा, असं लिहिलेलं नाही.

मग हवालदार हवा का सोडतात? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या हातातल्या मशीनमध्ये आहे. ई-चलान फाटतं ते गाडीच्या नंबरावर. मी रोज असे फॉर्म बनवतो. ज्या रकान्यापुढे लाल चांदणी असते तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सायकलला नंबरच नाही, म्हणजे हातातलं यंत्र तिच्यासाठी बिनकामाचं. राहिला कोर्टाचा रस्ता. एका वॉचमनसाठी तो कागदोपत्री खटाटोप कोण करणार? सकाळपासून धुरात उभ्या असलेल्या माणसाला समोरचा गुन्हा दिसतो आणि नोंदवायला सोपी जागा नसते. मग तो हाताने निकाल देतो. आणि हाताने दिलेला निकाल माणूस बघून दिला जातो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आप्पांना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मला पण धरलेला."

हे मला माहीतच नव्हतं. १९८५ च्या आसपास आप्पा शहरात एका कारखान्यात होते. रात्रपाळीला सायकलने जायचे. तेव्हा नगरपालिकेचा सायकल-कर असायचा. तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, त्यावर नंबर. तो सायकलला लावायचा. आप्पांच्या सायकलला बिल्ला होता, पण दिवा नव्हता. डायनामोला पैसे नव्हते. एका रात्री चौकात पकडलं, बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला, सकाळी कोर्टात बोलावलं. पंधरा रुपये दंड झाला. वर एक खाडा.

"राग नाही आला?"

"आला ना. पण पावती दिली त्यांनी." ती पावती आप्पांनी कित्येक महिने शर्टाच्या खिशात ठेवली होती. पुढच्या पगाराला डायनामो घेतला, तरी ठेवली. "चूक माझी होती, दंड भरला, विषय संपला. कुणी परत बोलला तर दाखवायला कागद होता."

मी यावर बराच वेळ विचार करत राहिलो. पंधरा रुपये आणि एक खाडा ही त्या पगारात लहान शिक्षा नव्हती. वॉचमनला कदाचित त्याहून स्वस्तात पडलं असेल. पंक्चरवाल्याकडे पाच-दहा रुपये आणि तिथपर्यंतची पायपीट. पण आप्पांना कुणीतरी नाव विचारलं होतं. त्यांचा गुन्हा लिहिला गेला आणि म्हणून संपलाही. आमच्या शहापूर तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. गावातल्या पोरांना ती आवडत नाही, पण ती लिहिलेली आहे. हप्त्यावरच्या सायकलला आणि डबा बांधलेल्या सायकलला ती सारखीच लागू होते. लिहिलेल्या नियमाशी भांडता येतं. वाकून सोडलेल्या हवेशी कसं भांडायचं?

हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. कलम ९९, लाल चांदणी, सगळं. सायकलला पुन्हा नंबर द्यावा का, यावरही बोललो. पण त्याचा फेरा पुन्हा वॉचमनच्याच खिशाला बसेल, हेही माझं मीच म्हणालो. आप्पा अंगणात बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"तुझ्या सायकलला तो छोटा पंप असतो ना?"

असतो. मी मागच्या सुट्टीत त्यांना हौसेने दाखवला होता. तो काळ्या सायकलच्या वॉललाही बसतो, हे त्यांच्याच सायकलवर करून दाखवलं होतं. त्या सकाळी तो माझ्या बॅगेत होता. थांबून, पाच मिनिटं खर्च करून, त्या माणसाला हवा भरून देता आली असती. हवालदार मला 'सर' म्हणाले होते. मला ते काही बोलले नसते.

मी आप्पांना म्हणालो, "उशीर होत होता."

ते काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले.

सुट्टीवरून परत आल्यापासून मी यू-टर्न घेऊन जातो. दोन किलोमीटर जास्त पडतात, पंधरा मिनिटं लवकर निघावं लागतं. पंप बॅगेतून काढून सायकलच्या दांडीला लावलाय. त्या वेळेला पुलाजवळून बरेच वॉचमन जातात. निळा युनिफॉर्म, काळी सायकल, डबा. त्यातला तो कोण, मला ओळखू येत नाही. मी त्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता.